सोलापुरात बघायला आहे काय?

परवा रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत तो, सूनबाई आणि नात चार दिवस घरी येणार आहेत. आनंदच आहे. पण बोलता बोलता म्हणाला, "बाबा, दोन दिवस घरी थांबू आणि मग सगळेच महाबळेश्वरला जाऊ. सोलापुरात बघायला आहे काय?"

मी तेव्हा काही बोललो नाही. पण फोन ठेवल्यावर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण ते फक्त त्याचं वाक्य नाही. आपण सगळेच हे म्हणतो. पाहुणा आला की आपणच आधी सांगून टाकतो, "आमच्या गावात काय नाही हो. ऊन, धूळ आणि चार दिवसाला पाणी." मग सिद्धेश्वराचं दर्शन घडवतो, हातात एक चादर आणि शेंगाचटणीची पुडी देतो आणि पाहुण्याला तुळजापूर, अक्कलकोट नाहीतर पंढरपूरच्या गाडीत बसवतो. सोलापूर म्हणजे जणू स्टँड. उतरायचं आणि पुढची गाडी धरायची.

महाबळेश्वरचं म्हणाल तर गेल्या वर्षी गेलो होतो. पसरणीच्या घाटात गाडीत बसून पुढच्या गाडीचा नंबर पाठ केला. वर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी पॉइंटवर जेवढी थंडी होती, तेवढी आमच्या गच्चीवर पहाटे असते.

आता मुद्द्याचं बोलतो. आपल्या गावाला निसर्गानं फार काही दिलं नाही हे मान्य. मार्चपासून जूनपर्यंत आपण भाजून निघतो. पारा ४३-४४ ला टेकला तरी आपल्याला त्याची बातमी वाटत नाही. पाऊस येतो तो त्याच्या मर्जीनं. पण नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारी संपेपर्यंत जे साठ-सत्तर दिवस मिळतात ना, त्या दिवसांत सोलापूरची हवा महाराष्ट्रात कुणालाही हेवा वाटावा अशी असते. कोरडी थंडी, स्वच्छ आभाळ, दुपारी अंगावर घ्यावंसं वाटणारं ऊन. वर्षातला आपला हा एकच सुखाचा हंगाम. आणि नेमका तोच आपण घाटातल्या गाड्यांच्या रांगेत घालवतो.

म्हणून यंदा ठरवलंय, पोरगं आलं की त्याला सोलापूरच दाखवायचं. यादी करायला बसलो तर चार दिवस पुरेनात.

सुरुवात भुईकोट किल्ल्यापासून. माझे वडील गिरणीत साचा खात्यात होते. सुट्टीच्या दिवशी आम्हा भावंडांना घेऊन किल्ल्याच्या बागेत यायचे. खिशात भाजलेल्या शेंगा. शेंगा संपल्या की सहल संपली, हा नियम. तेव्हा कळत नव्हतं, पण आपण बसतोय तो किल्ला बहमनी काळातला आहे, मागे तलाव, तलावात मंदिर, आणि हे सगळं भर गावात आहे, हे किती गावांच्या नशिबी असतं? हिवाळ्यात सकाळी तटावरून तलावाकडं बघा. पाण्यावर धुकं असतं, त्यात मंदिराचा कळस, आणि मंदिरातली घंटा अख्ख्या तलावावरून ऐकू येते. आता मला सांगा, तुम्ही किल्ल्यात शेवटचं कधी गेलात? मी विचारलं तर निम्मे लोक म्हणाले, शाळेच्या सहलीत.

तिथून विजापूर रोडला धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे आपला जुना कंबर तलाव. जवळच वनखात्याचं स्मृती उद्यान आणि पुढं सिद्धेश्वर वनविहार. पहाटे फिरायला येणारी मंडळी तिथं नेहमीची आहेत, पण बाकी गावाला तो भाग फक्त विजापूरला जाताना दिसतो.

आणि पक्षी! आपल्याकडं हिवाळ्यात पाहुणे येतात ते आपल्यासारखे दोन दिवसांसाठी नाही येत, मुक्कामाला येतात. तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे, जुन्या कागदात त्याला एकरूख तलाव म्हणतात. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात बांधलेला. दुष्काळी भागाला पाणी मिळावं म्हणून बांधला, आणि आज तिथं पट्टकादंब उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मध्य आशियातून, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. हिमालय! जगात सर्वात उंच उडणाऱ्या पक्ष्यांत त्याची गणना होते. तो हजारो किलोमीटर उडून सोलापूरला येतो आणि आपण आठ किलोमीटरवर राहून म्हणतो, इथं आहे काय.

संध्याकाळी ज्वारीच्या शिवारात भोरड्यांचे थवे बघितलेत का? गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. ढगासारखा थवा उठतो, वळतो, पसरतो, पुन्हा गोळा होतो. शेतकरी गोफण घेऊन मागं धावतो कारण कणसं खातात, पण टोळ आणि अळ्याही खातात. शहरात लोक मोबाईलवर असले व्हिडिओ परदेशातले म्हणून पाठवतात. अहो, हे आपल्या शिवारात होतं.

आता नान्नज. गावापासून वीसेक किलोमीटर, बार्शीच्या रस्त्याला. माळढोक अभयारण्य, १९७९ मध्ये जाहीर झालेलं. इथं मी खोटं आश्वासन देणार नाही. माळढोक दिसेल अशी आशा धरून जाऊ नका. एके काळी या माळावर ज्याचे थवे असायचे तो पक्षी आता जवळजवळ गेलाच आहे. देशभरातच तो हाताच्या बोटावर यावा इतका कमी झालाय, आणि जे उरलेत ते मुख्यतः राजस्थानात. आपल्याकडं काय झालं? सुरुवातीला अभयारण्याचं क्षेत्र कागदावर आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर धरलं होतं. त्यात गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात, विहीर, रस्ता, प्रत्येक गोष्टीला अडचण. साहजिकच लोकांना पक्ष्याचाच राग येऊ लागला. पुढं क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळ नांगरला गेला होता, विजेच्या तारा आल्या होत्या. पक्षी आणि शेतकरी यांना आपण समोरासमोर उभं केलं आणि दोघेही हरले. हे शिकण्यासाठी तरी नान्नजला गेलं पाहिजे.

पण माळ रिकामा नाही. हिवाळ्यात गुडघाभर गवत पिवळं होतं, त्यात काळविटांचे कळप. नर उड्या मारत निघाला की लहान पोरं श्वास रोखून बघतात. गवतावरून संथ तरंगत जाणारे भोवत्या शिकारी पक्षी, हेही मध्य आशियातले पाहुणे. नशीब असेल तर लांडगा. आपल्या शाळेच्या पुस्तकात जंगल म्हणजे झाडं, आणि माळ म्हणजे पडीक जमीन. माळ हेसुद्धा एक जंगल आहे, फक्त त्याची झाडं गुडघ्याएवढी आहेत, हे पोराबाळांना एकदा उभं करून दाखवायला हवं. जाताना गाडी गवतात घालू नका, मोठ्यानं गाणी लावू नका, पाण्याच्या बाटल्या परत आणा. एवढंच.

दक्षिणेला जायचं तर हत्तरसंग कुडल. चाळीसेक किलोमीटर. भीमा आणि सीना इथं मिळतात. संगमावर संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं, अशी जुनी मंदिरं आहेत. हरिहरेश्वराच्या मंदिरात उत्खननात सापडलेलं शिवलिंग आहे, त्यावर शेकडो छोटी शिवमुखं कोरलेली. असं दुसरं मी कुठं बघितलेलं नाही. आणि तिथंच मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या शिलालेखांपैकी एक आहे, शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडावर मराठीत लिहून ठेवलं की हे जो वाचेल त्याचं भलं होईल, तो विजयी होईल. आपल्या सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून असे दगड वाचले, आणि कुडलच्या या लेखाचं महत्त्वही त्यांच्यामुळे लोकांपर्यंत गेलं. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण तासाभराच्या रस्त्यावरचा तो दगड किती जणांनी वाचला? वाचणारा विजयी होईल म्हणून लिहिलंय हो, आणि वाचायला कुणी जात नाही.

कुडलला जाण्याचं यंदा आणखी एक कारण आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेनं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर. काठची शेतं, जनावरं, घरातलं धान्य, सगळं पाण्यात. पुण्याचा रस्ता बंद, विजापूरचा रस्ता बंद. तेव्हा आपण पाण्याच्या बाटल्या आणि कपडे घेऊन गेलो, फोटो काढले, परत आलो. चांगलं केलं. पण शेतकऱ्याला वर्षातून एकदा दया नको असते, त्याला गिऱ्हाईक हवं असतं. हिवाळ्यात त्या गावांत जा, टपरीवर चहा प्या, शेतावर जेवा, हरभरा, बोरं, गूळ, ज्वारी थेट विकत घ्या. ही मदत कुठल्या यादीत नाव असायची वाट बघत नाही.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर हुरडा. मंडळी, हुरड्यासाठी लोक पुण्याहून गाड्या करून येतात आणि आपल्याला त्याचं अप्रूप नाही. आपला जिल्हा म्हणजे रब्बी ज्वारीचं माहेर. मालदांडी आपली. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेलं मालदांडी वाण राज्याबाहेरही गेलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. डिसेंबरच्या मध्यापासून कणसात दूध भरतं आणि दाणा अजून कवळा असतो, तेवढ्या तीन-चार आठवड्यांचा हा खेळ. शेताच्या कडेला खड्डा, त्यात गोवऱ्यांची आगटी, निखाऱ्यात कणीस खुपसायचं, तळहातावर गरम गरम चोळायचं, फुंकून भुसा उडवायचा. सोबत शेंगाची चटणी, दही, गूळ. हात काळे, तोंड काळं, आणि घरी कुणाला भूक नाही.

पण यातही एक काळजी आहे. उजनीचं पाणी आलं तसा ऊस वाढला. राज्यात सर्वात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपण पहिल्या रांगेत आहोत. शेतकऱ्याला दोष नाही, ज्याला भाव त्याचं पीक. ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, पाखरं राखायला माणूस नाही. मग ज्वारी टिकावी असं वाटत असेल तर ती शेतकऱ्याला परवडली पाहिजे. हुरड्यातून त्याला चार पैसे जास्त मिळतात, कडबा जनावराला राहतो. तुम्ही एका रविवारी हुरडा खायला गेलात तर ती मौज आहेच, पण शेवटी तो पिकाला दिलेला भावही आहे.

याच दिवसांत मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या, आपली येळवस. लातूर-धाराशिवसारखीच आपल्या अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातही ती होते. शेतात कडब्याची कोप, पाच पांडवांची पूजा, आणि मग भज्जी, आंबिल, उंडे. या दिवशी शेतातून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आमंत्रण नसलं तरी चालतं असा सण आणखी कुठला आहे सांगा. शहरात ओळखीचं कुणी गावाकडचं असेल तर त्याला हक्कानं म्हणा, यंदा आम्ही येतोय.

आणि मग जानेवारी. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा दिवस. १९३० मध्ये या गावात इंग्रजांना मार्शल लॉ लावावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. चौघांची नावं एकदा एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणा. सोलापूर काय आहे हे त्या चार नावांत येतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जे १९४२ च्या डिसेंबरमध्ये चीनमध्ये सेवा करता करता गेले, त्यांचं घर भैय्या चौकाजवळ स्मारक म्हणून उभं आहे. चीनचे पाहुणे तिथं येऊन जातात. आपण तिथून रिक्षानं जातो.

त्याच आठवड्यात गड्डा. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होमविधी, शोभेचं दारूकाम. कुंभारकन्येचा आणि सिद्धरामांच्या योगदंडाचा तो विवाह. होम मैदानावर पाळणे, भेळ, धूळ, हरवलेल्या पोरांच्या घोषणा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, सगळ्या भाषा एका रांगेत पाळण्याचं तिकीट काढतात. हे आपल्याला माहीत आहे म्हणून जास्त लिहीत नाही. पुण्यात गेलेली पोरं नोकरीतून रजा काढून कशासाठी येत असतील तर गड्ड्यासाठी. म्हणजे "आहे काय" याचं उत्तर त्यांनाही माहीत आहे, फक्त वर्षातून चारच दिवस आठवतं.

आता काही जण म्हणतील, "काका, हे सगळं ठीक, पण तिथं गेल्यावर बसायला जागा नाही, संडास नाही, त्याचं काय?" बरोबर बोलताय. इथंच माझं खरं दुखणं आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गावातल्याच एका सार्वजनिक ठिकाणी गेलो होतो. नाव घेत नाही, कारण बरीच ठिकाणं तशीच आहेत. आई तेव्हा शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले. तरी खूष होती. वडिलांबरोबर इथं कुठल्या झाडाखाली बसायची ते दाखवत होती. अर्ध्या तासात तिला स्वच्छतागृहाला जायचं होतं. इमारत होती, वर पाटी होती, दाराला कुलूप होतं. चावी कुणाकडे, माहीत नाही. चौकीवाला जेवायला गेलेला. शेवटी रिक्षा करून घरी आलो. रिक्षात आई एवढंच म्हणाली, "आता नको रे मला कुठं नेऊ." त्यानंतर ती कुठंही येत नाही. डॉक्टर म्हणतात जरा फिरवा, ऊन दाखवा. ती म्हणते, गच्ची बरी.

एका कुलपानं एका म्हाताऱ्या बाईचं गाव तिच्या घराएवढं झालं.

आपलं गाव २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आलं होतं. पेढे वाटले होते. त्यात कामं झाली, इंद्रभुवनची वास्तू पुन्हा उजळली, हे मान्य करतो. पण उद्घाटनाच्या फितीएवढंच महत्त्व कुलपाच्या चावीला असतं, हे कुणीतरी समजून घ्यायला हवं. बांधायला निधी येतो, झाडायला येत नाही. तलावाभोवती दिवे लागतात आणि तलावात सांडपाणी जातं. जलपर्णी काढली, पुन्हा आली, पुन्हा काढली.

म्हणून मागण्या साध्या ठेवतो. एक, तलाव, बागा आणि उद्यानांतली स्वच्छतागृहं सकाळी सहा ते रात्री नऊ उघडी आणि धुतलेली असावीत, आणि दारावर जबाबदार माणसाचा फोन नंबर लिहावा. दोन, डिसेंबर-जानेवारीच्या रविवारी तरी हिप्परगा, नान्नज आणि कुडलला जाऊन परत आणणारी एखादी बस असावी. शहर बसची अवस्था माहीत आहे, म्हणून दोन फेऱ्याच मागतोय. तीन, तलावात जाणारं सांडपाणी आधी थांबवा, रंगीत दिवे नंतर लावा. चार, महापालिकेच्या प्रत्येक शाळेतल्या पोरांना एका हिवाळ्यात किल्ला, एका हिवाळ्यात माळ, एका हिवाळ्यात कुडल दाखवा. याला कोटींचा आराखडा लागत नाही.

आणि हे कुणासाठी मागतोय तेही सांगतो. ज्याच्याकडे गाडी आहे, पैसे आहेत, तो महाबळेश्वरला जाईल, गोव्याला जाईल. आता तर विमानही आहे. त्याचं काही अडत नाही. पण पूर्व भागात दिवसभर विड्या वळणारी बाई, यंत्रमागावरचा कामगार, नवी पेठेत दुकानात उभी राहणारी पोरगी, यांची सुट्टी म्हणजे अर्धा रविवार. त्यांना हिल स्टेशन नाही. त्यांना तलावाचा कट्टा आहे, किल्ल्याची बाग आहे, पार्क चौपाटीवरची भेळ आहे. माझ्या वडिलांना जेवढं होतं तेवढंच. ते आपण नीट ठेवलं नाही तर श्रीमंताचा एक पर्याय कमी होतो, गरिबाची अख्खी सहल जाते.

नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या पोरांना मी दोष देत नाही. पोट कुणाला चुकलंय. इथं काम असतं तर माझाही मुलगा इथंच असता, आणि तो वेगळा, मोठा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी भांडू. पण गाव सोडणं वेगळं आणि गावात काहीच नव्हतं असं समजून सोडणं वेगळं. दुसरी गोष्ट आपण घरी बसून पोरांना शिकवली. "आपल्याकडं काय नाही" हे वाक्य त्यांनी आपल्याच तोंडून ऐकलं.

मुलाला काल फोन करून सांगितलं, महाबळेश्वर रद्द. पहिल्या दिवशी पहाटे हिप्परगा. दुसऱ्या दिवशी मित्राच्या शेतावर हुरडा. तिसऱ्या दिवशी कुडल. तो हसला, म्हणाला, "बरं, बघू." नातीनं मागून फोन ओढून घेतला आणि विचारलं, "आजोबा, हंस खरंच हिमालयावरून येतात?" म्हटलं, ये, त्यांनाच विचारू.

चौथा दिवस आईसाठी ठेवलाय. किल्ल्याची बाग, ते झाड, खिशात शेंगा. परवा आधी एकटा जाऊन सगळं बघून येणार आहे, स्वच्छतागृहाच्या दारासकट. कुलूप असेल तर चावी कुणाकडे असते ते विचारूनच परत येईन.

तुम्हीही या रविवारी एक ठिकाण निवडा. जाऊन या. चांगलं दिसलं तर चार जणांना सांगा, वाईट दिसलं तर आपल्या नगरसेवकाला, अधिकाऱ्याला फोटोसह कळवा. थंडी जानेवारीपर्यंतच आहे, मंडळी. फेब्रुवारी उजाडला की आपलं ऊन आहेच.